मॉरिशस आणि मालदीव यांच्या सेवा आयातीची तुलना कशी करावी

मॉरिशस आणि मालदीव ही हिंदी महासागरातली दोन बेटराष्ट्रे तुलनेसाठी वारंवार एकत्र घेतली जातात, आणि त्याला कारणही आहे. मालदीव १९६५ मध्ये आणि मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाले. दोघांच्याही अर्थव्यवस्थेत पर्यटनाला मोठे स्थान आहे, आणि तांदळापासून डिझेलपर्यंत बहुतेक गरजेच्या वस्तू दोघांनाही समुद्रापलीकडून आणाव्या लागतात. या दोन देशांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत परदेशांकडून किती सेवा विकत घेतल्या, याचा आलेख काढणे आज दहा मिनिटांचे काम आहे. जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर ‘कमर्शियल सर्व्हिस इम्पोर्ट्स’ या नावाची वर्षवार आकड्यांची मालिका मिळते, ती उतरवून घेतली की संगणक दोन रेषा काढून देतो. खरी अडचण तिथून पुढे सुरू होते, कारण त्या रेषांतले काही चढउतार अर्थव्यवस्थेतले असतात, काही निव्वळ हिशेबाच्या पद्धतीतले असतात, आणि आलेखावर दोन्ही सारखेच दिसतात. ते वेगळे कसे करावेत, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. अर्थशास्त्राचे विद्यार्थी, आर्थिक विषयांवर लिहिणारे पत्रकार आणि स्पर्धा परीक्षांच्या पलीकडे जाऊन आकडेवारी समजून घेऊ पाहणारे वाचक डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

आधी प्रश्न ठरवावा

‘कोणाची सेवा आयात जास्त आहे’ हा प्रश्न कामाचा नाही. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे, मालदीवची सुमारे पाच लाख, आणि अर्थव्यवस्थेच्या आकारातही अंतर आहे, त्यामुळे निव्वळ डॉलरमधली रक्कम पाहून फारसे काही हाती लागत नाही. विचारण्यासारखे प्रश्न वेगळे आहेत. पर्यटनातून येणाऱ्या दर शंभर डॉलरपैकी किती डॉलर सेवांच्या रूपाने परत बाहेर जातात? मालाच्या आयातीच्या मानाने वाहतुकीचे बिल वाढते आहे की घटते आहे? व्यावसायिक, आर्थिक आणि तांत्रिक सेवांसाठी परदेशांवर विसंबून राहण्याचे प्रमाण कोणत्या देशात वेगाने वाढले? यांपैकी कोणता प्रश्न घेतला आहे, यावर पुढे कोणती मालिका घ्यायची, कशाने भागायचे आणि कोणते वर्ष पायाभूत धरायचे हे सगळे अवलंबून असते. म्हणून तो प्रश्न एका वाक्यात लिहून कागदाच्या माथ्यावर ठेवावा आणि मगच आकड्यांना हात घालावा.

या आकड्यात नेमके काय मोजले जाते

देशाचे परदेशांशी झालेले सगळे आर्थिक व्यवहार व्यवहारतोलात नोंदले जातात आणि त्यातला एक भाग सेवांचा असतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या व्यवहारतोलविषयक नियमावलीच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहाव्या आवृत्तीत सेवांचे बारा प्रमुख गट आहेत. दुसऱ्याच्या मालकीच्या कच्च्या मालावर प्रक्रिया करून देणे, देखभाल-दुरुस्ती, वाहतूक, प्रवास, बांधकाम, विमा आणि निवृत्तिवेतन, वित्तीय सेवा, बौद्धिक संपदेच्या वापराचे शुल्क, दूरसंचार-संगणक-माहिती, इतर व्यावसायिक सेवा, वैयक्तिक-सांस्कृतिक-मनोरंजन सेवा आणि शेवटचा सरकारी वस्तू-सेवांचा. या बारांतून शेवटचा गट वजा केला की उरते ती वाणिज्यिक सेवांची आयात. दिल्लीतल्या मालदीवच्या दूतावासाने केलेला खर्च किंवा मालदीवच्या नागरिकाने दुसऱ्या देशाला दिलेले व्हिसाशुल्क या वजा होणाऱ्या गटात पडते. मोठ्या देशात हा गट नगण्य वाटतो, पण लहान देशात एखाद्या वर्षी तो डोळ्यांत भरण्याइतका असू शकतो. त्यामुळे एका देशासाठी एकूण सेवा आयात आणि दुसऱ्यासाठी वाणिज्यिक सेवा आयात, अशी सरमिसळ अजिबात होऊ देऊ नये. जागतिक बँकेच्या यादीत या दोन्ही मालिका जवळजवळच्या नावांनी असल्यामुळे ही चूक सहज होते.

व्यवहारतोलात नागरिकत्वाला महत्त्व नसते, निवासाला असते. ज्या व्यक्तीचे किंवा कंपनीचे आर्थिक हितसंबंध वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ त्या देशात गुंतलेले आहेत ती तिथली निवासी, आणि निवासीने अनिवासीकडून विकत घेतलेली सेवा म्हणजे आयात. हा नियम एकदा नीट बसला की पुढची बरीच कोडी आपोआप सुटतात. तो बसवण्यासाठी एक कंटेनर डोळ्यांसमोर आणू.

समजा, लासलगावच्या कांद्याचा एक कंटेनर मालदीवच्या राजधानीला, मालेला निघाला. हे उदाहरण ओढून आणलेले नाही. २०२४-२५ साठी भारताने मालदीवला ३५,७४९ टन कांदा निर्यात करण्याची विशेष परवानगी दिली होती. लासलगावहून बंदरापर्यंतचे ट्रकभाडे, बंदरातला खर्च आणि कांद्याची किंमत या सगळ्यांची बेरीज भारतीय सीमेवरची किंमत म्हणून मालदीवच्या मालाच्या आयातीत जाते. तिथून पुढचे समुद्रभाडे मात्र मालात जात नाही. जहाज चालवणारी कंपनी मालदीवबाहेरची असेल, तर ते भाडे मालदीवची वाहतूक सेवेची आयात ठरते. सप्टेंबर २०२० मध्ये तुतिकोरिन, कोची, मालदीवमधले कुलहुदुफुशी आणि माले यांना जोडणारी मालवाहू फेरी सुरू झाली. ती चालवणाऱ्या भारतीय नौवहन महामंडळाचे मुख्यालय मुंबईत आहे, म्हणून त्या फेरीने गेलेल्या मालाचे भाडे मालदीवची आयात आणि भारताची निर्यात. तोच कंटेनर मालदीवच्या स्वतःच्या जहाज कंपनीने नेला, तर कांदा तोच, समुद्र तोच, भाडेही कदाचित तेवढेच, पण सेवा आयात शून्य, कारण भाडे देणारा आणि घेणारा दोघेही मालदीवचे निवासी. कंटेनरचा विमा परदेशी कंपनीकडे उतरवला असेल, तर हप्त्याची सगळी रक्कम सेवा आयातीत येत नाही, त्यातला विमा कंपनीच्या सेवेचा मोबदला तेवढाच मोजला जातो.

आता इथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते बेटराष्ट्रांची तुलना करताना तो सर्वांत महत्त्वाचा आहे. सीमाशुल्क खात्याकडे मालाची नोंद सहसा भाडे आणि विमा धरून झालेली असते. व्यवहारतोल तयार करणाऱ्या मध्यवर्ती बँकेला त्यातून भाडे वेगळे काढावे लागते, आणि प्रत्येक पावतीवरून ते काढणे शक्य नसल्यामुळे अनेक लहान देशांत ठरावीक टक्का धरून ते अंदाजले जाते. असा टक्का धरलेला असेल, तर वाहतूक सेवेची आयात ही मालाच्या आयातीची सावली असते. माल दहा टक्क्यांनी वाढला की वाहतूकही तेवढीच वाढलेली दिसणार. २०२१ मध्ये जगभर कंटेनरचे भाडे कित्येक पटींनी चढले होते, पण ठरावीक टक्क्याच्या हिशेबात ती भाडेवाढ नीट उमटेलच असे नाही. म्हणून एका देशात भाड्याचे सर्वेक्षण आणि दुसऱ्यात ठरावीक टक्का अशी स्थिती असेल, तर दोघांच्या वाहतूक बिलांची तुलना करताना हा फरक उघड सांगितला पाहिजे. तो तपासण्याचा सोपा उपाय असा: वाहतूक सेवेच्या आयातीला मालाच्या आयातीने वर्षवार भागावे. उत्तर वर्षानुवर्षे जवळजवळ एकच येत असेल, तर तो मोजलेला आकडा नसून धरलेला आकडा आहे, असे समजण्यास जागा आहे.

दुसरे उदाहरण माणसांचे घेऊ. मालदीवमधले अनेक रुग्ण उपचारांसाठी केरळात, विशेषतः तिरुवनंतपुरमला येतात. रुग्णालयाचे बिल, लॉजचे भाडे, नातेवाइकांचे जेवण, जाताना केलेली खरेदी, हे सगळे मालदीवच्या ‘प्रवास’ या गटात सेवा आयात म्हणून नोंदले जाते. औषधाची बाटली ही वस्तू असली तरी प्रवाशाने परदेशात विकत घेतलेली असल्यामुळे ती इथे सेवांतच मोजली जाते. विमानाचे तिकीट मात्र प्रवासात नाही, वाहतुकीत. आणि तेही विमान कंपनी परदेशी असेल तरच. शिक्षणाचेही असेच आहे. मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबातली एखादी मुलगी पुण्यात तीन वर्षे शिकायला आली, तर एरवीचा एका वर्षाचा नियम तिला लागू होत नाही. विद्यार्थी आणि रुग्ण कितीही काळ बाहेर राहिले तरी मायदेशाचेच निवासी मानले जातात, त्यामुळे तिचे शुल्क, खोलीभाडे आणि खानावळ मॉरिशसची सेवा आयात होते.

काय मोजले जात नाही, हेही तितकेच ध्यानात ठेवावे. मालदीवच्या रिसॉर्टमध्ये वर्षानुवर्षे राबणारा बांगलादेशी कामगार घरी पैसे पाठवतो, ती सेवा आयात नव्हे. तो मालदीवचा निवासी झालेला असतो आणि त्याचे पैसे हस्तांतर म्हणून दुसऱ्या खात्यात जातात. परदेशी हॉटेल समूहाने मालदीवमध्ये स्वतःची कंपनी काढून पर्यटकांना खोल्या दिल्या, तर ती कंपनी मालदीवची निवासी. तिने मूळ समूहाला व्यवस्थापनासाठी किंवा नाव वापरण्यासाठी दिलेले शुल्क तेवढे आयातीत येते, नफा उत्पन्नाच्या खात्यात जातो. बांधकामाबाबत नियम आणखी नाजूक आहे. बाहेरच्या ठेकेदाराचे काम अल्पकाळाचे असेल तर ती बांधकाम सेवेची आयात, पण काम वर्षाहून जास्त चालले आणि ठेकेदाराने तिथे स्वतंत्र हिशेब असलेले कार्यालय थाटले, तर ते कार्यालय त्या देशाचे निवासी मानले जाते आणि मोठी रक्कम सेवा आयातीतून बाहेर पडते. मॉरिशसची मेट्रो एक्स्प्रेस लार्सन अँड टुब्रोने बांधली, माले आणि विमानतळाचे बेट हुलहुले यांना जोडणारा, २०१८ मध्ये खुला झालेला पूल चिनी कंपनीने बांधला. अशा मोठ्या कामांच्या वर्षांत ‘बांधकाम’ या ओळीत उसळी दिसली किंवा दिसली नाही, तरी त्यावरून निष्कर्ष काढण्याआधी नोंद कोणत्या पद्धतीने झाली हे पाहावे.

आकडे कुठून घ्यावेत

दोन्ही देशांचे आकडे एकाच स्रोतातून आणि एकाच दिवशी उतरवून घ्यावेत. मॉरिशसचा व्यवहारतोल बँक ऑफ मॉरिशस प्रसिद्ध करते, मालदीवचा मालदीव मॉनेटरी अथॉरिटी. हे दोन्ही आकडे नाणेनिधीकडे जातात आणि तिथून जागतिक बँक, जागतिक व्यापार संघटना आणि अंक्टाड (संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद) यांच्या आकडेवारीच्या साठ्यांत पोहोचतात. मध्यवर्ती बँका मागच्या वर्षांचे आकडे सुधारत राहतात आणि त्या सुधारणा सगळ्या साठ्यांत एकाच वेळी पोहोचत नाहीत, म्हणून एक देश इकडून आणि दुसरा तिकडून घेतल्यास तुलनेत नसलेला फरक शिरतो. तुलनेसाठी आंतरराष्ट्रीय साठा आणि समजून घेण्यासाठी त्या त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या टिपा, अशी विभागणी मला सर्वांत सोयीची वाटते.

वाणिज्यिक सेवांच्या मालिकेबरोबर जागतिक बँक तिचे चार वाटेही टक्केवारीत देते: वाहतूक, प्रवास, विमा व वित्तीय सेवा, आणि संगणक-दळणवळण व इतर सेवा. एकूण मालिका उतरवताना हे चार वाटे त्याच वेळी उतरवावेत आणि प्रत्येक वर्षी त्यांची बेरीज शंभराच्या जवळ येते का हे तपासावे. येत नसेल तर त्या वर्षी एखादा घटक सुटलेला असतो. नसलेले आकडे या तक्त्यांत दोन टिंबांनी दाखवलेले असतात. ती टिंबे पुसून घाईघाईने शून्य भरू नये. मी स्वतः सुरुवातीच्या एका कामात अशी शून्ये भरली होती, आणि पाच वर्षांची सरासरी इतकी खाली आली की तिच्या पुढच्या वर्षी सेवा आयात दुप्पट झाल्यासारखी दिसली. रिकामी जागा रिकामीच ठेवावी.

आर्थिक वर्षाकडेही लक्ष असू द्यावे. मॉरिशस सरकारचे आर्थिक वर्ष जुलै ते जून असते, मालदीवचे जानेवारी ते डिसेंबर, आणि आपण भारतीय वाचक एप्रिल ते मार्च अशा हिशेबाला सरावलेले. आंतरराष्ट्रीय साठ्यांत आकडे बहुधा कॅलेंडर वर्षाचे असतात, पण राष्ट्रीय अहवालातला एखादा आकडा मध्येच उचलला तर वर्षे सरकतात.

मालिका कुठे तुटते

नाणेनिधीच्या नियमावलीची पाचवी आवृत्ती १९९३ ची आणि सहावी २००९ ची. पाचवीतून सहावीत जाताना सेवांची हद्दच बदलली. दुसऱ्याच्या मालकीच्या मालावर प्रक्रिया करून देण्याचे काम आधी मालाच्या व्यापारात धरले जाई, ते सेवांत आले. दुरुस्तीही मालातून सेवांत आली. माल देशात न आणता परदेशात घेऊन परदेशातच विकण्याचा व्यापार उलट सेवांतून मालात गेला. बँका ठेवी आणि कर्जांच्या व्याजदरांतल्या फरकातून जी अप्रत्यक्ष सेवा देतात, ती वित्तीय सेवांत धरली जाऊ लागली. टपाल आणि कुरिअर दळणवळणातून वाहतुकीत सरकले.

या बदलांचा परिणाम दोन्ही देशांवर सारखा होत नाही, आणि तुलना बिघडते ती नेमकी यामुळे. मॉरिशसच्या कापड उद्योगाने उत्पादनाचा बराच भाग मादागास्करला नेला. मॉरिशसची कंपनी स्वतःच्या मालकीचे कापड तिथे शिवायला पाठवत असेल, तर शिलाईचा मोबदला सहाव्या आवृत्तीनुसार मॉरिशसची सेवा आयात आहे, पाचव्या आवृत्तीत तसा नव्हता. मालदीवकडे असा कापड उद्योग आज नाही, पण पर्यटकांना बेटाबेटांवर पोहोचवणारी ट्विन ऑटर जातीची पाण्यावर उतरणारी विमाने मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांचे इंजिन परदेशात दुरुस्तीला गेले की तो खर्च पूर्वी मालात दिसायचा, आता सेवांत दिसतो. दोन्ही देशांच्या रेषा एकाच सुमारास वर सरकल्या, तरी कारणे वेगळी असू शकतात आणि दोन्ही कारणांचा प्रत्यक्ष मागणीशी काही संबंध नसू शकतो.

अंक्टाडच्या साठ्यात जुन्या पद्धतीची मालिका १९८० पासून २०१३ पर्यंत आणि नव्या पद्धतीची २००५ पासून पुढे मिळते. २००५ ते २०१३ ही दोहोंत असलेली वर्षे फार मोलाची आहेत. त्या प्रत्येक वर्षासाठी नव्या आकड्याला जुन्या आकड्याने भागावे. समजा, एका देशासाठी हे गुणोत्तर सगळ्या वर्षांत १.०४ ते १.०६ च्या दरम्यान राहिले, तर सरासरी १.०५ धरून २००५ आधीच्या जुन्या आकड्यांना तिने गुणावे, म्हणजे सलग मालिका तयार होते. दुसऱ्या देशासाठी मात्र गुणोत्तर १.०२ पासून सुरू होऊन १.३० पर्यंत चढत गेले, असे समजा. मग जोड देऊ नये. तिथे बदल पद्धतीपुरता नाही, नवे व्यवहार मोजणीत आलेले आहेत, आणि कोणतेही एक गुणोत्तर खोटे ठरेल. अशा वेळी आलेखात दोन तुटक रेषा दाखवाव्यात आणि तुलना २००५ नंतरच्या काळापुरती ठेवावी. कमी वर्षांची खरी तुलना केलेली बरी. आणखी एक सूचना म्हणजे जोड एकूण रकमेवर द्यावा, घटकांवर देऊ नये, कारण टपालासारख्या बाबी एका घटकातून दुसऱ्यात गेल्यामुळे घटकांची नावे तीच राहूनही आतला माल बदललेला असतो.

मॉरिशसच्या बाबतीत आणखी एक जागा तपासावी लागते, ती म्हणजे तिथल्या ‘ग्लोबल बिझनेस’ कंपन्या. भारत आणि मॉरिशस यांच्यातला १९८२ चा करविषयक करार आणि त्यात २०१६ मध्ये झालेली दुरुस्ती आपल्याकडच्या गुंतवणूकदारांना ठाऊक आहे. अशा करारांच्या आधाराने राजधानी पोर्ट लुईमध्ये नोंदलेल्या असंख्य कंपन्यांचे प्रत्यक्ष कामकाज बेटावर थोडेच असते, पण कायद्याने त्या मॉरिशसच्या निवासी आहेत. त्यांनी लंडनच्या वकिलांना किंवा मुंबईच्या सल्लागारांना दिलेले शुल्क मॉरिशसची सेवा आयात ठरते. या कंपन्यांचे व्यवहार मालिकेत कोणत्या वर्षापासून आणि किती धरले आहेत, ते बँक ऑफ मॉरिशसच्या टिपांत वाचावे. मालदीवमध्ये या प्रकारचे काही नाही, म्हणून वित्तीय आणि इतर व्यावसायिक सेवा धरून एकदा आणि त्या वगळून एकदा अशी दोनदा तुलना करणे मला योग्य वाटते. दोन्ही वेळा निष्कर्ष तोच राहिला तर तो भक्कम आहे.

डॉलर, रुफिया आणि रुपया

मालिका चालू किमतींच्या डॉलरमध्ये असते, म्हणजे महागाई वजा केलेली नसते. सेवा आयातीसाठी स्वतंत्र किंमत निर्देशांक लहान देशांकडे क्वचितच असतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात माल आणि सेवा यांच्या एकत्रित आयातीची चालू आणि स्थिर किमतींतली रक्कम मिळत असेल, तर त्या दोहोंच्या भागाकारातून कामचलाऊ निर्देशांक काढता येतो. पण बेटराष्ट्रांत त्या निर्देशांकावर खनिज तेलाचा पगडा असतो, त्यामुळे शाळेच्या शुल्काची किंवा सॉफ्टवेअरच्या परवान्याची महागाई त्यात शोधू नये. म्हणून दीर्घकाळाच्या तुलनेत मी स्थिर किमतींपेक्षा गुणोत्तरांवर जास्त भर देतो.

मात्र गुणोत्तरातही विनिमय दर लपलेला असतो. मालदीवचा रुफिया २०११ पर्यंत डॉलरला १२.८० असा बांधलेला होता. एप्रिल २०११ मध्ये तो वरच्या-खालच्या मर्यादांच्या एका पट्ट्यात मोकळा केला गेला आणि लगेच १५.४२ च्या जवळ जाऊन तिथेच स्थिरावला. आता हिशेब करून पाहू. समजा, देशाचे एकूण उत्पादन १,२८० कोटी रुफिया आहे आणि सेवा आयात २० कोटी डॉलर. जुन्या दराने उत्पादन १०० कोटी डॉलर होते आणि सेवा आयातीचे प्रमाण २० टक्के. नव्या दराने तेच उत्पादन सुमारे ८३ कोटी डॉलर होते, आणि परदेशी बिले डॉलरमध्येच असल्यामुळे सेवा आयात २० कोटीच राहिली, तर प्रमाण २४ टक्क्यांवर जाते. एकही जास्तीची सेवा न घेता चार टक्के अंकांची वाढ झाली! मॉरिशसचा रुपया वेगळ्या रीतीने चालतो. तो बांधलेला नाही, हळूहळू घसरत आला आहे, त्यामुळे तिथे असा एका वर्षाचा धक्का न दिसता तोच परिणाम अनेक वर्षांत पसरलेला दिसतो. २०११ हे वर्ष तुलनेच्या मधोमध येत असेल, तर ही गोष्ट आलेखाखाली लिहिलीच पाहिजे.

भाजक कोणता घ्यावा

दरडोई सेवा आयात काढण्याचा मोह होतो, पण मालदीवच्या बाबतीत ती फसवी आहे. तिथे राहणाऱ्यांपैकी सुमारे चतुर्थांश लोक परदेशी कामगार आहेत, आणि २०१९ मध्ये पाच लाखांच्या या देशात सतरा लाख पर्यटक आले होते. पर्यटकांसाठी चालणाऱ्या विमानतळाची, रिसॉर्टची आणि बोटींची सेवा आयात स्थानिक माणसांच्या डोक्यावर वाटून काही कळत नाही. मॉरिशसमध्ये त्याच वर्षी चौदा लाखांच्या आत पर्यटक आले, पण लोकसंख्या अडीच पट असल्यामुळे तिथे हा विपर्यास तितका तीव्र नसतो. मालदीवसाठी सेवा निर्यात हा भाजक मला सर्वांत बोलका वाटतो. सेवा निर्यातीतून मिळालेल्या शंभर डॉलरमागे किती डॉलर सेवा आयातीत गेले, हा आकडा दोन्ही देशांसाठी काढता येतो आणि पर्यटनावर जगणाऱ्या अर्थव्यवस्थेच्या हातात काय उरते याची कल्पना देतो. वाहतुकीसाठी मालाची आयात हा भाजक घ्यावा, आणि प्रवासाच्या गटासाठी मात्र लोकसंख्या चालेल, कारण परदेशी शिकायला किंवा उपचारांना जाणारी माणसे मुख्यतः स्थानिकच असतात.

वर्षे, वाढीचे दर आणि आलेख

पायाभूत वर्ष निवडताना दोन काळ टाळावेत. पहिला २००४-०५. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने मालदीवला जबर तडाखा दिला, पुढच्या वर्षी पर्यटन घसरले आणि पुनर्बांधणीसाठी बाहेरून मदत व सेवा आल्या. मॉरिशसला असा फटका बसला नाही. दुसरा काळ २०२०-२१. मालदीवने सीमा मार्च २०२० च्या अखेरीस बंद केल्या आणि १५ जुलै २०२० रोजी उघडल्या. मॉरिशस पर्यटकांसाठी पूर्णपणे खुले झाले ते १ ऑक्टोबर २०२१ रोजी. म्हणजे २०२१ मध्ये एक देश जवळजवळ सुरळीत चालू होता आणि दुसरा वर्षातले नऊ महिने जवळपास बंद. २०२१ चे आकडे शेजारी ठेवून कोणत्याही देशाच्या दीर्घकालीन प्रवृत्तीबद्दल बोलणे अन्यायाचे आहे. निर्देशांक काढायचा असल्यास एका वर्षाऐवजी तीन वर्षांची सरासरी १०० धरावी. २००६ ते २००८ हा काळ त्यासाठी बरा आहे, कारण तो नव्या पद्धतीच्या मालिकेतही येतो.

वाढीचा दर चक्रवाढ पद्धतीने काढावा. समजा, बारा वर्षांत एका देशाची सेवा आयात २० कोटींवरून ६० कोटी डॉलरवर गेली आणि दुसऱ्याची १०० कोटींवरून २०० कोटींवर. पहिल्याचा वार्षिक दर ९.६ टक्के येतो, दुसऱ्याचा ५.९ टक्के, पण दुसऱ्याने वाढवलेली रक्कम पहिल्याच्या अडीच पट आहे. दोन्ही विधाने खरी आहेत आणि कोणते सांगायचे ते सुरुवातीला लिहून ठेवलेल्या प्रश्नावर ठरते. साध्या मापाच्या आलेखात मोठ्या देशाची रेषा सहसा जास्त चढलेली दिसते, म्हणून वाढीची तुलना करायची असेल तर उभा अक्ष लघुगणकी ठेवावा. त्यात सारख्या टक्केवारीची वाढ सारख्या चढाची दिसते.

लहान देशांत एखादे विमान भाड्याने घेतले, एखादा मोठा सल्ला करार झाला, एवढ्यानेही एका वर्षाची ओळ हलते. मॉरिशसच्या विमान कंपनीने परदेशी मालकाकडून विमान भाडेपट्ट्याने घेतले की ते भाडे ‘इतर व्यावसायिक सेवां’त जाते, वाहतुकीत नाही, आणि त्याच विमानाने प्रवास करणाऱ्या स्थानिक प्रवाशाचे तिकीट व्यवहारतोलात येतच नाही. मालदीवचा प्रवासी बहुधा परदेशी विमानाने जातो, म्हणून तिकीट वाहतूक आयातीत दिसते. एकाच गरजेचा खर्च दोन देशांत दोन वेगळ्या ओळींत पडलेला आहे, हे लक्षात आल्यावर वाहतुकीच्या वाट्यांतला फरक पाहून घाईने काही बोलण्याची इच्छा राहत नाही. तीन वर्षांची सरकती सरासरी घेऊन आणि वाहतूक व विमानांच्या भाडेपट्ट्याचा खर्च एकत्र धरून एकदा तपासणी करावी.

दुसऱ्या बाजूच्या देशाने नोंदलेल्या निर्यातीशी आपली आयात ताडून पाहण्याची युक्ती मालाच्या व्यापारात उपयोगी पडते. सेवांत ती तितकी चालत नाही, कारण कोणत्या देशाकडून कोणती सेवा घेतली याच्या नोंदी थोड्याच देशांत पूर्ण असतात. जागतिक व्यापार संघटना आणि ओईसीडी (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना) यांनी मिळून तयार केलेला जोडीवार सेवा व्यापाराचा तक्ता उपलब्ध आहे, पण त्यातल्या बऱ्याच जागा गणिती अंदाजाने भरलेल्या आहेत. दिशा पाहण्यासाठी तो वापरावा, दोन लहान देशांमधल्या रकमेचा पुरावा म्हणून वापरू नये.

निष्कर्षाचे वाक्य लिहिताना त्यात काळ, भाजक आणि पद्धत तिन्ही यावीत. उदाहरणार्थ, ‘२००६-०८ आणि २०१७-१९ या दोन काळांच्या सरासरीत, सहाव्या नियमावलीनुसार, सेवा निर्यातीच्या प्रत्येक शंभर डॉलरमागे अमुक देशाची वाणिज्यिक सेवा आयात इतक्या डॉलरवरून इतक्या डॉलरवर गेली, आणि त्यातला मोठा वाटा अमुक घटकाचा होता’ अशा घडणीचे वाक्य लांब वाटले तरी वाचणाऱ्याला तेच पुन्हा काढून पाहता येते. आलेखाखाली मालिकेचे पूर्ण नाव, साठ्याचे नाव, आकडे उतरवल्याची तारीख, जोड दिलेला असल्यास वापरलेले गुणोत्तर आणि रिकाम्या ठेवलेल्या वर्षांची यादी लिहावी, आणि उतरवलेला मूळ तक्ता हात न लावता वेगळ्या नावाने जपून ठेवावा, कारण सहा महिन्यांनी तोच तक्ता पुन्हा उतरवला तर मागची दोन-तीन वर्षे बदललेली असण्याची शक्यता बरीच असते.